पंधरा गोल नाकारणारे सोनवणे सर

फोन मुख्याध्यापकांच्या खोलीत आला आणि निरोप घेऊन शिपाईमामा माझ्या वर्गावर आले. नववीला मी खारे वारे आणि मतलई वारे शिकवत होते. मामा दारातच थांबले, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, सोनवणे सर गेले. इंदापूरच्या स्टँडवर." मला आधी वाटलं, सर कुठल्या तरी गाडीनं कुठं तरी गेले. स्टँडवरून माणूस जातो तो गावाला जातो... मामांच्या हातातली टोपी पाहिली तेव्हा अर्थ कळला. सकाळी ते पहिल्या गाडीतून उतरले होते, दुसरीची वाट पाहत बाकावर बसले होते. शेजारच्या माणसाला म्हणाले, जरा छातीत भरून आल्यासारखं वाटतंय. गाडी लागली, लोक चढले, सर बसूनच राहिले. वय अवघं सत्तेचाळीस.

डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. असेल. त्यांच्या मृत्यूचा दोष कुणाच्या माथी मारण्याइतकं मला वैद्यक कळत नाही. पण शाळेपासून दहा मिनिटांवर घर असलेला हा माणूस गेली चार वर्षं इंदापूरच्या स्टँडवर का बसत होता, जायला दोन आणि यायला दोन अशा चार एसट्या रोज का बदलत होता, ते मला चांगलं ठाऊक आहे. मी हे दुःखात लिहायला घेतलं होतं. तीन आठवड्यांत चार वेळा कागद फाडले. प्रत्येक वेळी दुःखाच्या आधी संताप कागदावर उतरत होता. आता म्हणते, उतरू दे.

शाळेचं आणि संस्थेचं नाव मी घालत नाही. लासुर्ण्याच्या परिसरातली, उसाच्या शेतांनी तीन बाजूंनी वेढलेली शाळा, एवढं पुरे. मी तिथं भूगोलाची शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा सोनवणे सर खेळाचे शिक्षक होते. अंगानं सडपातळ, रंगानं काळेसावळे, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांना दर शनिवारी खडू फासणारे. त्यांचे वडील दुसऱ्याच्या रानात राबले आणि छप्पन सालानंतर घरानं बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हापासून पोरानं शिकलंच पाहिजे हा एकच हट्ट त्यांनी धरला. सर घरातले पहिले पदवीधर. पुण्याला शिकताना त्यांना फुटबॉलचं वेड लागलं आणि ते घेऊनच ते गावी परतले. आमच्याकडं मुली खो-खो खेळायच्या, फार तर कबड्डी. सरांनी खो-खोच्या पळत्या मुली उचलल्या आणि त्यांच्यापुढं चेंडू टाकला. दूरदर्शनवर विश्वचषक दाखवत होते त्याच वर्षीची ही गोष्ट, त्यामुळं पोरींना फुटबॉल म्हणजे काय ते निदान पाहून ठाऊक होतं. अर्ध्या चड्डीला घरच्यांची ना होती. सर म्हणाले, सलवार घाला, घोट्याला रबर लावा. चेंडूला काही फरक पडत नाही.

मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत बाई हवी, म्हणून माझी नेमणूक झाली. मी सरांना आधीच सांगितलं होतं की मला यातलं काही कळत नाही. ते म्हणाले, शिकवतो. आणि खरंच शिकवलं. सरावाला मी वही घेऊन बसायची आणि ते मला विचारायचे, आता अलका कुठं उभी राहायला हवी होती, वैशालीनं चेंडू कुणाला द्यायला हवा होता. वर्षभरात मी त्यांच्या आधी बोलायला लागले. सरावात एक बाजू फार जड झाली की ते खेळ थांबवून दोन मुली इकडच्या तिकडं करत. कुणी कुरकुरलं तर म्हणत, एकतर्फी खेळात जिंकणाराबी काही शिकत न्हाय आणि हरणाराबी.

बारामतीच्या त्या स्पर्धेची सगळी हकीकत सांगायला हवी, कारण पुढं ती फार वेगळ्या रंगात सांगितली गेली. शनिवार-रविवारची स्पर्धा, दोन गट, प्रत्येक गटात तीन शाळा, गटातली पहिली शाळा अंतिम सामन्यात. आमच्या गटात बारामतीची एक मोठी शाळा आणि कऱ्हाटीचा एक नवा संघ. शनिवारी आम्ही बारामतीच्या शाळेशी एक-एक असे बरोबरीत सुटलो. रविवारी सकाळी त्या शाळेनं कऱ्हाटीच्या मुलींना चौदा-शून्यनं हरवलं. कऱ्हाटीच्या पोरी आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉल खेळत होत्या. त्यांच्या लोंढे गुरुजींनी दोन महिन्यांत जमवलेला संघ, निम्म्या पोरी अनवाणी. सहा गोल झाल्यावर बघ्यांनी मोजायला सुरुवात केली. सात... आठ... नऊ... दर गोलला टाळ्या आणि आकडा. त्या शाळेचे शिक्षक कडेला उभे राहून हातानं आणखी आणखी अशी खूण करत होते. अकरावा गोल झाला तेव्हा कऱ्हाटीची गोलकीपर खांबाला टेकून खाली बसली आणि उठेना. पंचानं तिला हाताला धरून उभं केलं, आणि ती उभी राहिल्यावर आणखी तीन गोल झाले. तेरा वर्षांची मुलगी होती ती. मी गुणपत्रकाच्या टेबलाशी बसून हे सगळं लिहीत होते.

दुपारी झाडाखाली डबे सोडले तेव्हा सर त्या मुलींकडं गेले. मलाही बरोबर घेतलं. मुलींबरोबर आलेले एका मुलीचे वडील लोंढे गुरुजींवर बरसत होते. उंच, फेट्यातला माणूस. आधीच्या पिढ्या मेंढरं राखायच्या, आता शेती, असं कुटुंब. ते म्हणत होते की पोरींचं हसं करून घ्यायला आम्ही त्यांना पाठवलं नव्हतं, जेवण झालं की सगळ्यांना टेम्पोत घालून घरी नेतो, आणि याउपर एकही पोर मैदानावर दिसणार नाही. गुरुजी खाली मान घालून ऐकत होते. सर त्या वडिलांच्या शेजारी जमिनीवर बसले. स्वतःची ओळख दिली. म्हणाले, "दादा, एक सामना थांबा. आमच्याशीच हाय. तुमच्या पोरींचं हसं होणार न्हाय, हा माझा शब्द." त्या वडिलांनी टेम्पोवाल्याला थांबायला सांगितलं. सर आणि लोंढे गुरुजी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा भेटले, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवते.

आता हिशेब असा होता की अंतिम सामन्यात जायला आम्हाला कऱ्हाटीला पंधरा गोलांच्या फरकानं हरवायला हवं होतं. ते अवघड नव्हतं. आमच्या संस्थेचे सचिव जीप घेऊन बारामतीत आले होते. ढाल आपल्याकडंच येणार असं त्यांनी चार लोकांत बोलूनही टाकलं होतं. सामना सुरू झाला आणि पंधरा मिनिटांत सहा गोल झाले. वैशालीचेच चार. बघ्यांना आकड्याची चव लागलेली होती, त्यांनी पुन्हा मोजायला सुरुवात केली. सातवा गोल झाला आणि मध्यंतर झालं.

मध्यंतरात सरांनी मुलींना रिंगण करून उभं केलं. वैशाली आणि दुसरी पुढची मुलगी मागं, बचावाला. मागच्या दोघी पुढं. आमची नेहमीची गोलकीपर मैदानात आणि अलका, जी कधीच गोलात उभी राहिली नव्हती, ती गोलात. सगळ्यांनी फक्त डाव्या पायानं मारायचं आणि पाच जणींकडं चेंडू फिरल्याशिवाय गोलावर मारायचं नाही. वैशालीला लगेच कळलं. ती म्हणाली, "सर, पंधरा लागत्यात आपल्याला." सर म्हणाले, "म्हाईत हाय. पण खेळायचं सोडायचं न्हाय कुणी. मुद्दाम चुकायचं न्हाय, गोल दान द्यायचा न्हाय. दान दिल्यालं समोरच्याला कळतं आणि ते चौदा गोलांपेक्षा वाईट. आपल्याला जे येत न्हाय ते करून खेळायचं. समद्या जोरानं."

आणि मग मी तो अर्धा तास पाहिला. दोन्ही संघ खरोखर खेळत होते. आमच्या मुली डाव्या पायानं धडपडत होत्या, चिडत होत्या, एकमेकींवर ओरडत होत्या, आणि कऱ्हाटीच्या मुलींना पहिल्यांदाच चेंडू पायात घेऊन मान वर करायला सवड मिळाली होती. मोजणाऱ्यांचा आवाज आपोआप बंद पडला, मोजायला काही नव्हतं. आम्ही आणखी एक गोल केला. शेवटच्या काही मिनिटांत कऱ्हाटीच्या रेखा नावाच्या मुलीनं एक गोल केला. ती त्याच फेटेवाल्या वडिलांची मुलगी. आठ-एक. शिट्टी झाली तेव्हा कऱ्हाटीच्या सगळ्या जणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, आणि आमच्या मुली हिरमुसून बसल्या होत्या.

त्यांचा राग खोटा नव्हता, हेही सांगायला हवं. अंतिम सामना त्यांनी मेहनतीनं कमावला होता आणि तो त्यांच्या सरांनी त्यांना न विचारता देऊन टाकला होता. परतीच्या एसटीत सर त्यांच्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, तुमचा सामना मी घेतला, राग माझ्यावर धरा, त्या पोरींवर नको. वैशाली महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. तेराव्या वर्षी एवढा अधिकार असतोच.

पण सचिवांना कोणता अधिकार होता? ते तेरा वर्षांचे नव्हते. सोमवारी सरांना मेमो मिळाला. संस्थेचं नुकसान केलं, सामना ठरवून सोडला. मग चौकशी. मुख्याध्यापक, सचिव आणि आणखी एक संचालक असे तिघं टेबलापलीकडं. पहिलाच प्रश्न काय विचारावा? लोंढे तुमच्या नात्यातले का? सर म्हणाले, नाही. पुढचा प्रश्न, मग तुमच्यातले तरी? या "तुमच्यातले" शब्दाचा अर्थ त्या खोलीत सगळ्यांना कळला. लोंढे गुरुजीही बौद्ध होते, एवढ्यावर चौकशी संपल्यात जमा होती. आपल्या माणसाला सांभाळलं, असं चहाच्या टपरीपासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत सगळीकडं बोललं गेलं. चौदा गोल मोजणाऱ्यांना कुणी जात विचारली नव्हती. मोजणं थांबवणाऱ्याला विचारली.

आता माझं. मी गुणपत्रकावर होते, मध्यंतरात मी त्या घोळक्यात उभी होते, म्हणून माझा लेखी जबाब मागवला. माझी नेमणूक अजून कायम झाली नव्हती. मुख्याध्यापकांनी कागद पुढं केला आणि आपुलकीनं म्हणाले, बाई, जपून लिहा. मी रात्री झोपेत लिहिला नाही तो जबाब, भर दुपारी शुद्धीवर लिहिला. "मला फुटबॉल या खेळातले काही कळत नसल्याने त्याविषयी मत देऊ शकत नाही." खाली सही. एवढंच. सरांच्या बाजूनं बोलू शकणारी एकमेव मोठी व्यक्ती मी होते.

सरांच्या हाती तो कागद पडला असणार, कारण दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात ते माझ्यापाशी थांबले. रागावलेले नव्हते. म्हणाले, "बाई, तुमची नोकरी अजून कायम न्हाय, मी समजतो. पण ते वाक्य लिवायला नको व्हतं. तुमाला कळतं. मी शिकवलंय."  

त्यांच्याकडून खेळ काढून घेतला. मग त्या उन्हाळ्यात इंदापूरच्याही पुढं, भीमेच्या पाणलोटाच्या बाजूला असलेल्या संस्थेच्या शाखेवर बदली. चार खोल्यांची शाळा, मैदान नाहीच. तिथं त्यांना मराठी आणि कार्यानुभव दिला. आमच्या मैदानातले गोलचे लोखंडी खांब उपटून सायकल स्टँडच्या छपराला लावले. मुलींचा संघ बंद झाला तो कुणी ठराव करून नाही, नुसता कुणी चालू ठेवला नाही म्हणून. मी कायम झाले.

मागच्या पंधरवड्यात आमच्याच शाळेच्या सभागृहात सरांची शोकसभा झाली. व्यासपीठावर त्यांचा फोटो, मोठा हार, आणि हार घालणारे हात सचिवांचे. ते वीस मिनिटं बोलले. सोनवणे सर म्हणजे खिलाडूवृत्तीचा आदर्श, जिंकण्यापेक्षा माणुसकी मोठी हे त्यांनी आपल्या शाळेला शिकवलं, बारामतीच्या त्या सामन्याची आठवण आजही आपल्याला अभिमानाची... खरंच सांगते, त्यांनी त्या सामन्याचं नाव घेतलं. आवाजही जड झाला होता. पुढं पाचशे मुलं मांडी घालून बसली होती आणि त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं की हा माणूस कुणाविषयी काय बोलतो आहे. मी उभी राहिले. विचारलं, "साहेब, अभिमान होता तर त्यांच्याकडून खेळ का काढून घेतला?" सचिवांनी मुख्याध्यापकांकडं पाहिलं. मुख्याध्यापक माईकपाशी आले आणि त्यांनी दोन मिनिटं स्तब्धता जाहीर केली.

दोन मिनिटं मी शांत उभी राहिले, कारण ती सरांसाठी होती. ती संपल्यावर मुलांना ओळीनं वर्गात पाठवण्यात आलं. आता मला कारणे दाखवा नोटीस आली आहे. उत्तर मी लिहिलं आहे आणि त्यासोबत तो जुना जबाब खोटा होता, हेही लिहून दिलं आहे. पाच वर्षं उशीर झाला. उशिराचं काही भूषण नाही.

परवा रविवारी वहिनींना, सरांच्या पत्नींना, भेटायला गेले. सरांच्या घराची पुढची खोली लहान आहे. एका भिंतीला सरांची लोखंडी कॉट, कोपऱ्यात पुस्तकांची फळी, आणि पाहुण्यांना बसायला सतरंजी. वहिनी सांगत होत्या, शाखेवरून आले की ते आधी या खोलीचं दार सताड उघडून बसायचे, गल्लीतली पोरं खेळताना दिसली पाहिजेत म्हणून. दार अजून तसंच उघडं ठेवतात त्या. आम्ही बोलत असताना दाराशी एक एम-एटी येऊन थांबली. फेट्यातले एक गृहस्थ आणि मागं अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. मी त्यांना ओळखलं नाही. त्यांनीच सांगितलं, कऱ्हाटीचे, पेपरात बातमी उशिरा वाचली. वडील बाहेर ओट्यावरच टेकले. रेखा आत आली, वहिनींच्या पाया पडली, चहा घेतला. बारामतीला कॉलेजात शिकते म्हणाली. फुटबॉल पुढं आणखी एक वर्ष खेळल्या त्या. मग चौकशीची गोष्ट फिरत फिरत कऱ्हाटीला पोचली. तो गोल सोडलेला होता, तुमच्या पोरीला दान दिला, असं गावात लोक तिच्या वडिलांना तोंडावर म्हणायला लागले. दिलेला शब्द पाळायला त्या मास्तरानं गोल दिला, असं त्यांनाही वाटायला लागलं आणि त्यांनी तिचा खेळ थांबवला. त्या तीन माणसांनी टेबलापलीकडून नुसतं एका शिक्षकाचं आयुष्य वाकडं केलं नव्हतं. कधीही न पाहिलेल्या मुलीच्या एकुलत्या एका गोलावरही त्यांनी खोटेपणाचा शिक्का मारला होता.

जाताना ती माझ्याजवळ वाकली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमी व्हता तितं. सरांना इचारायचं राहून गेलं. तो गोल खरा व्हता का?"

मी तिला जे पाहिलं ते सांगितलं. तू उजवीकडून आलीस, वैशाली आडवी आली, ती आमची सगळ्यात चांगली खेळाडू, तिनं तुला दोनदा अडवलं. तिसऱ्यांदा चेंडू तिच्या पायाला लागून तुझ्याकडं परत आला आणि तू न थांबता मारलास. अलकानं उडी घेतली. तिची बोटं चेंडूला लागली होती. दोन नखं उलटली. बारामतीपासून लासुर्ण्यापर्यंत अलका एसटीत रडत होती, नखांसाठी नाही, गोल अडवता आला नाही म्हणून, आणि मुलींशी बोलून झाल्यावर सर उरलेली सगळी वाट तिच्या शेजारी बसून होते. दिलेल्या गोलासाठी कुणी असं रडत नाही.

रेखा बाहेर ओट्यावर गेली आणि वडिलांना सांगू लागली. आमच्यापर्यंत शब्द येत नव्हते, नुसते तिचे हात दिसत होते, कुठून आली, कशी अडवली, कसा मारला. सांगून झाल्यावर म्हातारा उठला. पायातल्या वहाणा काढल्या आणि उघड्या दारातून आत, त्या रिकाम्या कॉटपाशी आला. थोडा वेळ दोन्ही हात जोडून उभा राहिला... मग वळून पोरीला म्हणाला, "चल. ती रडल्याली अलका कुठं राहती ते इचारून घे बाईंना."